शाळेत मोबाइल, दप्तर अन् कॉपी : नियम काय सांगतो, जप्त झालं तर काय करायचं? पालक-विद्यार्थ्यांसाठी सविस्तर माहिती

शहागंज (छत्रपती संभाजीनगर) : जून उजाडला की शहागंज, सिटी चौक, गुलमंडी, औरंगपुरा या भागात वह्या, दप्तरं, रेनकोट घ्यायला गर्दी उसळते. फुलंब्री, खुलताबाद, पैठण, गंगापूरकडूनही पालक लेकरांना घेऊन येतात. खरेदी होते, शाळा सुरू होते आणि पहिल्याच आठवड्यात शाळेची डायरी किंवा नियमांचा कागद घरी येतो. त्यावर पालक सही करतात, पण वाचतात फार थोडे. मग मध्येच एखाद्या दिवशी 'तुमच्या मुलाचा मोबाइल जप्त केला आहे' किंवा 'मुलीकडे कॉपी सापडली' असा निरोप येतो आणि धावपळ सुरू होते.

मोबाइल जप्त करण्याचा अधिकार शाळेला आहे का? किती दिवस ठेवता येतो? दप्तर कोण तपासू शकतं? बोर्डाच्या परीक्षेत चिठ्ठी सापडली तर थेट पोलीस केस होते का? या प्रश्नांची उत्तरं एका जागी मिळावीत म्हणून ही माहिती देत आहोत. कात्रण किंवा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कधी ना कधी उपयोगी पडेल.

नियम कोण ठरवतं?

शाळेतल्या रोजच्या शिस्तीचे नियम, म्हणजे मोबाइल, घड्याळ, दागिने, सायकल, डबा याबद्दलचे, बहुतेक ठिकाणी शाळाच ठरवते. जबाबदारी मुख्याध्यापकांची असते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ नुसार विनाअनुदानित खासगी शाळा वगळता इतर शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. या समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. म्हणजे जिल्हा परिषद, मनपा आणि अनुदानित शाळांत मोबाइलचा नियम कसा असावा यावर बोलायची जागा पालकांकडे आहे. समितीची बैठक नुसती सह्यांपुरती होत असेल तर हा विषय पुढच्या बैठकीत लेखी मांडा.

बोर्डाच्या परीक्षेचे नियम मात्र शाळेच्या हातात नसतात. ते महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ ठरवतं. आपला जिल्हा छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळात येतो. याच विभागीय मंडळात बीड, जालना, परभणी आणि हिंगोली हे जिल्हेही आहेत.

मोबाइल : सरसकट बंदी की जमा करायची सोय?

शाळांचं म्हणणं चुकीचं नाही. वर्गात खिशातला मोबाइल एकदा जरी वाजला तरी तासाची लय तुटते. युनेस्कोने २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात एका अभ्यासाचा दाखला दिला आहे. एकदा लक्ष विचलित झालं की पुन्हा अभ्यासात मन लागायला २० मिनिटांपर्यंत वेळ जाऊ शकतो, असं त्यात म्हटलं आहे. ३५-४० मिनिटांच्या तासात २० मिनिटं गेली तर उरलं काय?

पण पालकांचं म्हणणंही खरं आहे. सकाळी गावातून एसटीने निघालेली मुलगी संध्याकाळी घरी पोहोचते. गाडी चुकली, रस्त्यात बंद पडली, पाऊस आला, तर कळवायचं कसं? मानव विकासच्या निळ्या बसने किंवा अहिल्याबाई होळकर योजनेच्या पासवर शिकणाऱ्या मुलींच्या घरच्यांना हा प्रश्न रोजचा आहे. शिवाय २०२० नंतर गृहपाठ, सूचना, सुट्टीचे निरोप सगळं व्हॉट्सॲपवर आलं. दिवसा मोबाइलला बंदी आणि रात्री गृहपाठ मोबाइलवर, अशी अनेक घरांची स्थिती आहे.

यावर दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका केंद्रीय विद्यालयाच्या विद्यार्थिनीच्या प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्याचा सार असा : शाळेत स्मार्टफोन आणण्यावर सरसकट बंदी योग्यही नाही आणि ती पाळून घेणंही शक्य नाही. मात्र वापरावर नियंत्रण हवंच. शक्य असेल तिथे मुलांनी शाळेत आल्यावर फोन जमा करावा आणि जाताना परत घ्यावा. वर्गात वापर नको. शाळेच्या सामाईक जागेत, शाळेच्या वाहनात कॅमेरा आणि रेकॉर्डिंग नको. मुलांना फोनचा जबाबदारीने वापर शिकवावा. नियम ठरवताना पालक, शिक्षक आणि तज्ज्ञांशी बोलावं. नियम मोडला तर होणारी कारवाई स्पष्ट आणि न्याय्य असावी, फार कडक नको. शिस्त म्हणून फोन काही काळ जप्त करता येईल, असंही न्यायालयाने म्हटलं.

हा निकाल दिल्लीचा आहे, महाराष्ट्रातल्या शाळांना तो थेट बांधील नाही. पण नियम लिहिताना किंवा शाळेशी बोलताना त्याचा दाखला देता येतो. आपल्याकडच्या शाळेत 'आणायचाच नाही' असा नियम असेल आणि मूल लांबून येत असेल तर परवानगीचा अर्ज आधीच द्या. अर्जाचा नमुना शेवटी दिला आहे. साधा, बटणांचा फोन दिला तर बहुतेक शाळांची निम्मी हरकत तिथेच संपते.

मोबाइल जप्त झाला तर

फोन काढून घेणं ही शिस्तीची कारवाई आहे, त्यामुळे फोन शाळेचा होत नाही. काढून घेतलेली वस्तू शाळेच्या ताब्यात असते. ठेवायला घेतलेली वस्तू शहाणा माणूस स्वतःची वस्तू जपेल तितकी जपली पाहिजे, असं भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १५१ चं तत्त्व आहे. 'मौल्यवान वस्तूंची जबाबदारी शाळेची नाही' असा फलक अनेक शाळांत असतो. मुलाने स्वतःजवळ ठेवलेली वस्तू हरवली तर शाळा तो फलक दाखवू शकते. शाळेनेच कपाटात ठेवलेला फोन हरवला तर नुसता फलक दाखवून चालणार नाही.

म्हणून दोन्ही बाजूंनी हे पाळावं :

- फोन घेताना मुलाच्या समोर बंद करावा. कंपनी, रंग, स्क्रीनला तडा आहे का, याची नोंद वहीत करावी आणि मुलाची सही घ्यावी.
- फोन मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा, टेबलाच्या खणात नको.
- परत कधी आणि कोणाला देणार हे त्याच दिवशी पालकांना कळवावं.
- पहिल्या वेळी त्याच दिवशी, पुन्हा सापडला तर पालक आल्यावर, अशी चढती पायरी नियमात लिहिलेली असावी.
- दंड घेतला तर पालकांनी पावती मागावी आणि कोणत्या नियमाखाली घेतला ते विचारावं.

सगळ्यांसमोर फोन आपटून फोडणे ही शिस्त नव्हे. दुसऱ्याच्या मालमत्तेचं जाणूनबुजून नुकसान करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली गुन्हा होऊ शकतो. आठ-दहा हजारांचा फोन म्हणजे एखाद्या घरात कापूस वेचणीची कित्येक दिवसांची मजुरी असते, हेही ध्यानात घ्यावं.

फोन उघडून बघता येतो का?

फोन काढून घेणं वेगळं आणि त्यातले मेसेज, फोटो चाळणं वेगळं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं. मुलांना हा हक्क नाही असं कुठेही म्हटलेलं नाही. काही गंभीर संशय असेल, उदाहरणार्थ कुणा मुलीचे फोटो काढलेत, तर फोन बंद करून ठेवावा, पालकांना बोलवावं आणि पोलिसांना कळवावं. शिक्षकांनी तसे फोटो स्वतःच्या फोनवर 'पुरावा' म्हणून घेऊ नयेत. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ई खासगी अंगाचे फोटो काढणं-पसरवणं आणि ६७बी लहान मुलांचं अश्लील साहित्य यासंबंधी आहे. असा फोटो पुढे पाठवणारा प्रत्येक जण अडचणीत येऊ शकतो, मग हेतू कितीही चांगला असो. सायबर तक्रारीसाठी १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.

दप्तर तपासणी : कशी असावी?

परीक्षेआधी किंवा वर्गात काही चोरीला गेलं तर शाळा दप्तरं बघते. त्यात वावगं काही नाही, पण पद्धत हवी. दप्तर मुलाने स्वतः उघडावं, दोन शिक्षक हजर असावेत. मुलींचं दप्तर शिक्षिकेनेच बघावं. मुलींच्या दप्तरात खासगी वस्तू असतात, त्या सगळ्या वर्गासमोर टेबलावर ओतणं म्हणजे तिला पुन्हा शाळेत यायला लाज वाटेल असं करणं. कपडे उतरवून झडती घेण्याचा तर प्रश्नच नाही. वस्तू सापडली तरी 'चोर' असा शिक्का मारू नये. तीच वस्तू दुसऱ्याने तिथे ठेवलेली असू शकते, मुलाचं म्हणणं आधी ऐकावं.

वस्तू हरवू नयेत म्हणून

डबा, पाण्याची बाटली, रेनकोट, कंपासपेटी यावर न पुसणाऱ्या पेनाने नाव आणि वर्ग लिहा. सोन्याचे डूल, चांदीचे पैंजण शाळेत घालून पाठवू नका. फीचे पैसे मुलाच्या हाती द्यायचे असतील तर लिफाफ्यावर रक्कम लिहा आणि पावती त्याच दिवशी बघा. सायकलच्या सांगाड्यावरचा नंबर घरी लिहून ठेवा. एसटी पास आणि आधार कार्डाच्या झेरॉक्स घरी असू द्या.

मोबाइल घेतला की *#०६# डायल करा. स्क्रीनवर येणारा १५ अंकी आयएमईआय क्रमांक वहीत उतरवा, पक्कं बिल जपा. फोन हरवला किंवा चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार द्या, सिम बंद करून दुसरं घ्या आणि सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर तो फोन ब्लॉक करा. जुना फोन बाजारातून घेतानाही त्याच पोर्टलवर नंबर तपासता येतो. बिल नसलेला स्वस्त फोन चोरीचा निघाला तर पोलीस घरी येतात, हे शहागंजपासून सोयगावपर्यंत सगळ्यांना लागू आहे.

दप्तराचं ओझं

दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको, असा राज्य सरकारचा निर्णय २०१५ पासून आहे. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणातही तेच प्रमाण आहे. त्यानुसार पहिली-दुसरीला साधारण १.६ ते २.२ किलो, तिसरी ते पाचवीला १.७ ते २.५ किलो, सहावी-सातवीला २ ते ३ किलो, आठवीला २.५ ते ४ किलो आणि नववी-दहावीला २.५ ते ४.५ किलो इतकं वजन धरलं आहे. किराणा दुकानातल्या काट्यावर एकदा दप्तर ठेवून बघा. जास्त भरलं तर वेळापत्रक दाखवून वर्गशिक्षकांशी बोला. शिकवणीच्या वह्या आणि गाईडं शाळेच्या दप्तरात नकोत, हे मात्र घरातच बघायचं.

गृहपाठ, प्रोजेक्ट आणि एआय

कॉपी म्हणजे फक्त परीक्षेतली चिठ्ठी नव्हे. मित्राची वही उतरवणं, तयार प्रोजेक्ट विकत आणून नाव घालणं, प्रयोगवही दुसऱ्याकडून लिहून घेणं ही सगळी त्याचीच रूपं. दहावीला बहुतेक विषयांत ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. हे २० गुण शाळेच्या हातात असल्याने तिथे ढिलाई होते. मुलाला वाटतं, गुण तर मिळाले. पण ८० गुणांच्या पेपरला बसल्यावर हात थांबतो.

आता यात चॅटजीपीटीसारख्या एआयची भर पडली. निबंध, पत्र, विज्ञानाचं उत्तर क्षणात तयार मिळतं. बंदी घालून हे थांबणार नाही. काही साधे उपाय शिक्षकांना करता येतात. प्रोजेक्ट घेतल्यावर दोन-तीन प्रश्न तोंडी विचारावेत. विषय गावाशी जोडलेला द्यावा, जसं की आपल्या गावातल्या विहिरींची पाणीपातळी, आठवडी बाजारातले भाव, आजीच्या काळातली पेरणी. अशा विषयाचं उत्तर एआयकडे तयार नसतं, मुलाला बाहेर पडावंच लागतं. मदत घेतली तर 'कुठून घेतली' ते वहीत लिहायची सवय लावावी. पालकांनी 'तू लिही, मी मोबाइलवर शोधून देतो' असं करण्याऐवजी 'आधी तू सांग, मग लिही' म्हणावं. न समजता उतरवणं ही खरी अडचण आहे, विचारून समजून घेण्यात काही चूक नाही.

बोर्डाची परीक्षा : काय न्यायचं, काय नाही

सकाळच्या पेपरला १०.३० ला आणि दुपारच्या पेपरला २.३० ला केंद्रावर हजर राहायचं असतं. पूर्वी प्रश्नपत्रिका १० मिनिटं आधी मिळायची. ती पद्धत २०२३ च्या परीक्षेपासून बंद झाली आणि ती १० मिनिटं शेवटी वाढवून मिळाली.

सोबत हॉल तिकीट, पेन, पेन्सिल, कंपास, पारदर्शक पाण्याची बाटली ठेवा. मोबाइल, स्मार्ट घड्याळ, ब्लूटूथ, कोरे-लिहिलेले कागद नेऊ नका. बंद केलेला मोबाइलही खिशात असला तर तो गैरप्रकारच धरला जाऊ शकतो. घड्याळ हवंच असेल तर साधं काट्यांचं ठेवा. आदल्या दिवशीची पँट तशीच घातली आणि खिशात जुनी चिठ्ठी राहिली, असंही होतं. म्हणून निघण्याआधी सगळे खिसे, कंपासपेटी आणि पॅडची मागची बाजू बघा.

दिव्यांग किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना लेखनिक, दर तासाला २० मिनिटं जादा वेळ अशा सवलती मिळतात. ही सवलत हक्काची आहे. मात्र वैद्यकीय प्रमाणपत्रासह शाळेमार्फत मंडळाची मंजुरी आधीच घ्यावी लागते. श्रवणयंत्र किंवा साखरेच्या आजारासाठीचं उपकरण लागत असेल तर तेही केंद्रसंचालकांना आधी लेखी कळवा.

कॉपी पकडली तर काय होतं?

भरारी पथक, बैठं पथक किंवा पर्यवेक्षक यांपैकी कुणीही कॉपी पकडू शकतं. उत्तरपत्रिका आणि सापडलेला कागद ताब्यात घेतला जातो, विद्यार्थ्याचा लेखी जबाब होतो आणि केंद्राचा अहवाल विभागीय मंडळाकडे जातो. पुढे चौकशी होऊन मंडळाच्या शिक्षासूचीप्रमाणे निर्णय होतो. चूक किती गंभीर, यावर त्या विषयाची संपादणूक रद्द करण्यापासून पूर्ण परीक्षेची संपादणूक रद्द करून पुढच्या परीक्षांना बसू न देण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते. ही शिक्षासूची परीक्षेआधी मुलांना वाचून दाखवायला शाळेला सांगा.

जबाब लिहिताना घाबरून कोऱ्या कागदावर सही करू नका. जे झालं तेवढंच लिहा. चौकशीला बोलावलं तर पालकांनी सोबत जावं.

पोलीस केसबद्दल मोठा गैरसमज आहे. महाराष्ट्रात परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध १९८२ चा कायदा आहे आणि त्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. पण दहावी-बारावीचे बहुतेक विद्यार्थी १८ वर्षांखालचे असतात. त्यांना बाल न्याय कायदा २०१५ लागू होतो. किरकोळ स्वरूपाच्या बाबतीत अशा मुलावर एफआयआर न नोंदवता माहिती बाल न्याय मंडळाला द्यायची, अशी नियमांत तरतूद आहे. मुलाला कोठडीत डांबता येत नाही.

बाहेरून 'मदत' करणाऱ्यांनी हे वाचावं

खरा धोका भिंतीबाहेरच्यांना आहे. भाऊ, काका, शिकवणीवाले, केंद्रावरचे कर्मचारी हे सज्ञान असतात, त्यांना बाल न्याय कायद्याचं संरक्षण नाही. परीक्षेच्या काळात केंद्राभोवती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली जमावबंदीचे आणि आसपासची झेरॉक्स दुकानं बंद ठेवण्याचे आदेश निघतात. पोलीस भरती, सैन्य भरतीची तयारी करणारी कितीतरी पोरं आपल्या तालुक्यांत पहाटे उठून पळतात. बहिणीला चिठ्ठी फेकताना गुन्हा दाखल झाला तर चारित्र्य पडताळणीत तो समोर येतो. एका पेपरच्या दहा गुणांसाठी कित्येक वर्षांची मेहनत पणाला लावायची का, याचा विचार ज्याने त्याने करावा.

शिक्षा कुठवर?

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मारहाण आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे. कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. १४ वर्षांपुढच्या मुलांनाही बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ चं क्रूरतेविरुद्ध संरक्षण आहे. गळ्यात पाटी अडकवून उभं करणं, प्रार्थनेच्या वेळी नाव घेऊन हिणवणं, फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकणं यातलं काहीही शिस्तीत बसत नाही.

हे गांभीर्याने घेण्याचं कारण आहे. मोबाइल काढून घेतला, कॉपी सापडली, चार लोकांत अपमान झाला, म्हणून मुलं टोकाचा विचार करतात. ज्या दिवशी असं काही घडेल त्या दिवशी मुलाला एकटं घरी पाठवू नये. शिक्षकांनी पालकांना फोन करावा, पालकांनी आधी जवळ घ्यावं, बोलायचं ते दुसऱ्या दिवशी बोलावं. मूल गप्प गप्प असेल, जेवत नसेल तर 'टेली मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलता येतं.

तक्रार कुठे करायची?

आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, मग शाळा व्यवस्थापन समिती. तिथे सुटलं नाही तर केंद्रप्रमुख आणि पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी. त्यानंतर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, पहिली ते आठवीसाठी प्राथमिक आणि पुढच्या वर्गांसाठी माध्यमिक. मनपा शाळेसाठी मनपाचा शिक्षण विभाग. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाने लेखी तक्रारीवर दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तक्रार लेखीच द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या. मुलाला थेट बोलता येत नसेल तर शाळेतली तक्रारपेटी आहेच.

परवानगी अर्जाचा नमुना

प्रति,
मा. मुख्याध्यापक, ______ शाळा

विषय : पाल्यास साधा मोबाइल जवळ ठेवण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदय/महोदया,
माझा पाल्य/माझी पाल्या ______, इयत्ता ___, तुकडी ___, रोज ______ या गावाहून एसटी बसने शाळेत येतो/येते. गाडीची वेळ अनिश्चित असल्याने प्रवासात संपर्कासाठी साधा मोबाइल जवळ असणे गरजेचे आहे. मोबाइल शाळेत आल्यावर बंद करून कार्यालयात जमा केला जाईल व शाळा सुटल्यावर परत घेतला जाईल. शाळेच्या आवारात त्याचा वापर झाल्यास शाळेच्या नियमानुसार होणारी कारवाई मान्य राहील. तरी परवानगी द्यावी, ही विनंती.

फोनची कंपनी व रंग : ______
पालकाचे नाव, सही व संपर्क क्रमांक : ______
दिनांक : ______

थोडक्यात लक्षात ठेवा

- सही करण्याआधी शाळेचे नियम वाचा, लांबून येणाऱ्या मुलासाठी परवानगी आधीच घ्या.
- शाळा फोन काही काळ ठेवू शकते. फोडू शकत नाही, कायमचा ठेवू शकत नाही.
- फोनचं बिल आणि आयएमईआय क्रमांक घरी जपून ठेवा.
- पेपरला निघताना खिसे तपासा, स्मार्ट घड्याळ घरी ठेवा.
- कॉपी पुरवणारा सज्ञान माणूस विद्यार्थ्यापेक्षा मोठ्या अडचणीत येतो.
- मुलाकडून चूक झाली तर आधी त्याचं ऐका. नियम दुसऱ्या दिवशीही समजावता येतो.